डॉट-कॉन्फिग हाताने का बदलू नये, आणि बदल टिकवायचा तर कुठे लिहायचा

प्रश्न: डेबियन १२ असलेल्या लॅपटॉपवर स्वतःचा कर्नल कंपाइल करतो आहे. चालू कर्नलची कॉन्फिग फाइल बूट डिरेक्टरीतून सोर्समध्ये आणली, एडिटरमध्ये उघडून 'कॉन्फिग_डीबग_इन्फो' बंद केले. मेक (कंपाइल करणारी कमांड) चालवल्यावर तीच ओळ पुन्हा 'वाय', म्हणजे चालू, झाली. मग नको वाटलेले बरेच पर्याय काढून टाकले. कर्नल बनला, पण बूट होताना 'अनेबल टू माउंट रूट एफएस' असा पॅनिक (कर्नल जागीच थांबवणारी चूक) आला. हीच पद्धत पुढे ऑफिसच्या एका सर्व्हरवरही वापरायची आहे. फाइल सुरक्षितपणे कशी बदलावी?

उत्तर:

तुमच्या दोन्ही अडचणी एकाच समजुतीतून आल्या आहेत. डॉट-कॉन्फिग (कर्नल कोणत्या पर्यायांनी बनवायचा ते सांगणारी सोर्समधली फाइल) ही आपण लिहायची फाइल आहे असे धरून तुम्ही चालला आहात. प्रत्यक्षात ती हिशेब होऊन बाहेर पडलेली फाइल आहे. वरच्या ओळींतच लिहिलेले असते की ही आपोआप तयार झाली आहे, एडिट करू नका. ती सूचना शब्दशः घ्या. तुम्हाला काय हवे ते एका छोट्या वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवा आणि डॉट-कॉन्फिग दर वेळी तिच्यावरून तयार करून घ्या. माझ्या मते या कामातली निम्मी सुरक्षितता एवढ्यातच आहे. उरलेली निम्मी जुना कर्नल हाताशी ठेवण्यात.

(खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत टाका.)

आधी तुमची ओळ उलटी का फिरली ते पाहू. लिनक्समध्ये २००२ पासून, म्हणजे २.५ मालिकेपासून, केकॉन्फिग नावाची व्यवस्था आहे. सोर्सच्या जवळजवळ प्रत्येक डिरेक्टरीत एक केकॉन्फिग फाइल असते आणि तिच्यात प्रत्येक पर्यायाचे नियम असतात: तो कशावर अवलंबून आहे, तो निवडला की आणखी कोणते पर्याय आपोआप चालू होतात, काहीच न सांगितल्यास त्याचे मूल्य काय धरायचे. मेक सुरू झाले की तुमची डॉट-कॉन्फिग वाचली जाते, हे सगळे नियम तिला लावले जातात आणि फाइल नव्याने लिहिली जाते. नियमात न बसणारी ओळ त्या वेळी गाळली किंवा बदलली जाते, आणि बहुतेक वेळा त्याबद्दल स्क्रीनवर एक अक्षरही उमटत नाही.

'डीबग_इन्फो'चे नेमके हेच झाले. कर्नल ५.१७ पर्यंत तो थेट चालू-बंद करता यायचा. त्यानंतर तो एका गटाचा परिणाम झाला. 'डीबग_इन्फो_नन', 'डीबग_इन्फो_ड्वार्फ_टूलचेन_डिफॉल्ट' वगैरेंतून एक निवडायचा. 'नन' सोडून दुसरे काही निवडले असेल तर 'डीबग_इन्फो' आपोआप चालू होतो. तुमचा कर्नल ६.१ किंवा त्यापुढचा असणार, त्यामुळे मूळ ओळ कितीही वेळा बंद केली तरी ती परत येणारच. बंद करायचे तर 'नन' चालू करावे लागेल. पण त्याआधी हेही जाणून घ्या की डीबग माहितीबरोबर बीटीएफही (कर्नलमधल्या डेटा प्रकारांचे वर्णन) जाते, आणि बीपीएफवर (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवण्याची सोय) चालणारी बरीच निरीक्षणाची साधने बीटीएफवर अवलंबून असतात. लॅपटॉपवर डिस्क आणि कंपाइलचा वेळ वाचावा म्हणून ती काढणे ठीक. सर्व्हरवर मी काढत नाही.

असे कोडे पडले की उत्तर मेन्यूकॉन्फिगमध्ये मिळते. 'मेक मेन्यूकॉन्फिग' चालवा, तिरकी रेघ दाबा आणि पर्यायाचे नाव शोधा. तो कशावर अवलंबून आहे, त्या अटींची आत्ताची मूल्ये काय आहेत, कोणी त्याला चालू केले आहे आणि मेन्यूत तो कुठे सापडेल, सगळे एका पडद्यावर दिसते. एखादा पर्याय हलत नाही असे दिसले की एडिटरशी झटापट करण्याआधी हा पडदा वाचा.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. डॉट-कॉन्फिगमध्ये 'हॅश, कॉन्फिग_अमुक इज नॉट सेट' अशा हजारो ओळी दिसतात. हॅशने सुरू होतात म्हणून अनेकांना त्या नुसत्या टिपा वाटतात आणि 'साफसफाई' म्हणून त्या पुसल्या जातात. त्या टिपा नाहीत. 'हा पर्याय मी विचारपूर्वक बंद ठेवला आहे' अशी ती नोंद आहे. ती ओळ पुसली की केकॉन्फिगच्या दृष्टीने तुम्ही त्या पर्यायाबद्दल काहीच बोललेला नाहीत, आणि मग तिथे ठरलेले मूल्य लागू होते. ते 'वाय'ही असू शकते. तुम्ही ओळी 'काढून टाकल्या' असे लिहिले आहे. त्या खरोखर पुसल्या असतील, तर काही गोष्टी बंद होण्याऐवजी चालूच झालेल्या असतील.

आता काम कसे करायचे ते सांगतो. सोर्स तुमच्या घरच्या डिरेक्टरीत उघडा आणि कंपाइल साध्या वापरकर्त्याने करा. रूट वापरकर्त्याची (प्रशासकाची) गरज फक्त शेवटी बसवताना लागते. चालू कर्नलची कॉन्फिग डॉट-कॉन्फिग या नावाने कॉपी करा आणि मग:

मेक लिस्टन्यूकॉन्फिग
मेक ओल्डडेफकॉन्फिग

पहिली कमांड फक्त दाखवते की तुमच्या फाइलला ठाऊक नसलेले कोणते पर्याय या नव्या सोर्समध्ये आले आहेत. दुसरी त्या सगळ्यांना ठरलेली मूल्ये देऊन टाकते. 'मेक ओल्डकॉन्फिग' एकेक प्रश्न विचारते. आवृत्तीत थोडाच फरक असेल तर तिचा खरा उपयोग होतो. मोठी उडी असेल तर माणूस कंटाळून एंटर दाबत सुटतो, आणि मग ती नसलेलीच बरी. या टप्प्यावरची डॉट-कॉन्फिग 'पाया' अशा काही नावाने बाजूला ठेवा. 'मेक क्लीन' तिला हात लावत नाही, पण 'मेक एमआरप्रॉपर' आणि 'मेक डिस्टक्लीन' डॉट-कॉन्फिग पुसून टाकतात. म्हणून प्रत सोर्सच्या झाडाबाहेर हवी, शक्यतो गिटमध्ये.

मग तुमची स्वतःची फाइल लिहा. तिला कॉन्फिग फ्रॅगमेंट म्हणतात. तुमच्या लॅपटॉपसाठी ती सुरुवातीला अशी दिसेल:

कॉन्फिग_लोकलव्हर्जन="-माझा१"
कॉन्फिग_सिस्टीम_ट्रस्टेड_कीज=""
कॉन्फिग_डीबग_इन्फो_नन=वाय
# कॉन्फिग_डीबग_इन्फो_ड्वार्फ_टूलचेन_डिफॉल्ट इज नॉट सेट

चौथी ओळ पायाच्या फाइलमध्ये गटातला जो पर्याय निवडलेला असेल त्याच्यासाठी आहे. नाव तपासून घ्या. दुसरी ओळ डेबियन आणि उबुंटूच्या कॉन्फिगवरून मूळ सोर्स कंपाइल करणाऱ्या प्रत्येकाला लागते. त्या फाइलमध्ये त्यांच्या स्वतःच्या प्रमाणपत्राचा पत्ता असतो. ते प्रमाणपत्र मूळ सोर्समध्ये नसल्याने कंपाइल मध्येच 'नो रूल टू मेक टार्गेट' म्हणून थांबते. उबुंटूत 'सिस्टीम_रिव्होकेशन_कीज'चेही तसेच करावे लागते. प्रत्येक ओळीच्या वर ती का घातली ते मराठीत लिहून ठेवा; हॅशनंतरचा असा मजकूर चालतो. दोन वर्षांनी ते कारणच उपयोगी पडते. ओळ काय, कुठेही मिळते.

पाया आणि फ्रॅगमेंट जोडायला सोर्समध्येच स्क्रिप्ट आहे:

स्क्रिप्ट्स/केकॉन्फिग/मर्ज_कॉन्फिग.एसएच पाया माझे.कॉन्फिग

दोन्ही फाइल जोडून, नियम लावून ती डॉट-कॉन्फिग तयार करते. शिवाय शेवटी पडताळून पाहते. तुम्ही मागितलेले मूल्य अंतिम फाइलमध्ये आले नसेल तर पर्यायाचे नाव, मागितलेले मूल्य आणि मिळालेले मूल्य अशा इशाऱ्याने सांगते. एडिटरमध्ये केलेला बदल गुपचूप नाहीसा होतो, इथे तो नाहीसा झाल्याचे कळते. सगळे इशारे वाचा. काही पायातल्या पर्यायांबद्दल असतील, जसे डीबग माहिती गेल्यामुळे गेलेले बीटीएफ. तुमच्या फ्रॅगमेंटमधल्या ओळीबद्दल इशारा आला तर मात्र पुढे जाऊ नका. 'स्क्रिप्ट्स/कॉन्फिग' नावाचे दुसरे साधन अनेक जण वापरतात. ते फक्त फाइलमधला मजकूर बदलते, नियम तपासत नाही. त्यानंतर ओल्डडेफकॉन्फिग चालवून निकाल स्वतः पाहावा लागतो.

कंपाइल करण्याआधी एक शेवटची तपासणी:

स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग पाया .कॉन्फिग

यात फक्त फरक दिसतो. तुम्ही चार ओळी बदलल्या आणि फरक चाळीस ओळींचा आला, तर त्यातल्या प्रत्येक ओळीचे कारण सांगता आले पाहिजे. नाही सांगता आले तर मेन्यूकॉन्फिगमध्ये शोधा. हे पाच-दहा मिनिटांचे वाचन मी कधीच टाळत नाही.

आता पर्याय कमी करण्याबद्दल. एकेक ड्रायव्हर हाताने काढण्याचा मार्ग सोडा. कंपाइलचा वेळ वाचवायचा असेल तर 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' आहे. आत्ता लोड झालेली मॉड्यूल्स (कर्नलचे गरजेप्रमाणे लोड होणारे भाग) तेवढी ठेवून ते बाकीची बंद करते. त्यातला धोका 'आत्ता' या शब्दात आहे. त्या क्षणी पेन ड्राइव्ह लावलेला नसेल तर त्याची फाइल सिस्टीम जाईल. व्हीपीएन जोडलेले नसेल तर त्याचे मॉड्यूल जाईल. प्रिंटर, यूएसबीचा लॅन अडॅप्टर, ब्लूटूथ हेडफोन, फायरवॉलचे अधूनमधून लागणारे नियम, सगळ्यांचे तेच. म्हणून आधी काही दिवस नेहमीचे काम करत राहा आणि 'एलएसमॉड' या कमांडने दिसणारी लोड झालेल्या मॉड्यूल्सची यादी एका फाइलमध्ये साठवत जा; नंतर ती फाइल 'एलएसमॉड=' या चलातून द्या. 'एलएमसी_कीप' या चलाने सोर्समधल्या काही डिरेक्टरी पूर्ण राखता येतात, उदाहरणार्थ ड्रायव्हर्स/यूएसबी आणि एफएस. आणि एवढे सगळे करून वाचतो तो मुख्यतः कंपाइलचा वेळ. जे मॉड्यूल लोडच होत नाही ते मेमरी खात नाही. मॉड्यूल्स काढल्याने मशीन वेगवान होईल या आशेने हे करत असाल तर करू नका.

काही पर्यायांना हात लावण्याआधी नक्की थांबा. 'डेव्हटीएमपीएफएस', 'सीग्रुप्स', 'टीएमपीएफएस', 'आयनोटिफाय_यूझर', 'टायमरएफडी', 'सिग्नलएफडी' यांच्याशिवाय सिस्टमडी (बूट होताना सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) नीट उभे राहत नाही. त्याच्या रीडमी फाइलमध्ये लागणाऱ्या पर्यायांची यादीच दिलेली आहे. 'बिनएफएमटी_स्क्रिप्ट' बंद केले तर डेबियनच्या इनिटरॅमएफएसमधली (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणारी तात्पुरती फाइल सिस्टीम) पहिलीच फाइल चालत नाही, कारण ती शेल स्क्रिप्ट आहे. 'व्हीटी' आणि फ्रेमबफर कन्सोल गेले तर स्क्रीन काळी राहते आणि मशीन जिवंत आहे की मेले हेही कळत नाही. यातले बरेच पर्याय 'एक्स्पर्ट' चालू केल्याशिवाय मेन्यूत दिसत नाहीत. ते मुद्दाम झाकलेले असतात.

तुमच्या पॅनिककडे येऊ. त्या संदेशातच बरीच माहिती असते. डेबियनमध्ये इनिटरॅमएफएस सुरू झाले आणि मग रूट (मुख्य फाइल सिस्टीम) सापडले नाही, तर पॅनिक येत नाही. 'इनिटरॅमएफएस' असे लिहिलेला एक छोटा शेल समोर येतो. तुम्हाला थेट व्हीएफएसचा (कर्नलमधल्या फाइल सिस्टीम हाताळणाऱ्या भागाचा) पॅनिक आला, म्हणजे कर्नल इनिटरॅमएफएसपर्यंत पोहोचलाच नाही. म्हणून शोध या क्रमाने घ्या. बूट डिरेक्टरीत या कर्नलच्या नावाची इनिटआरडी, म्हणजे इनिटरॅमएफएसची, फाइल आहे का? ग्रब या बूट लोडरच्या नोंदीत तिची ओळ आहे का? 'बीएलके_डेव्ह_इनिटआरडी' चालू आहे का? आणि ती फाइल ज्या पद्धतीने दाबलेली आहे ती उघडण्याचा पर्याय कर्नलमध्ये आहे का? डेबियन १२ झेडएसटीडी वापरते, म्हणजे 'आरडी_झेडएसटीडी' हवे. 'मला झेडएसटीडी कशाला लागते' म्हणून नेमके तेच काढलेले मी इतरांच्या कॉन्फिगमध्ये पाहिले आहे.

संदेशाच्या शेवटी 'अननोन-ब्लॉक' आणि कंसात दोन आकडे असतात. ०,० असतील तर कर्नलला डिस्कच ओळखता आलेली नाही. ८ ने सुरू होत असतील तर साटा डिस्क दिसली आहे, २५९ असेल तर बहुधा एनव्हीएमई दिसली आहे, आणि अडचण फाइल सिस्टीमच्या ड्रायव्हरची आहे. इनिटरॅमएफएस नकोच असेल, तर डिस्क कंट्रोलर आणि रूटची फाइल सिस्टीम दोन्ही 'एम' (मॉड्यूल) नव्हे, 'वाय' (कर्नलमध्येच) हवीत. शिवाय ग्रबमधली 'रूट=यूयूआयडी' ही ओळ चालणार नाही. फाइल सिस्टीमची यूयूआयडी ओळखण्याचे काम इनिटरॅमएफएस करते. एकटा कर्नल पार्टयूयूआयडी (पार्टिशनची ओळख) समजतो, ही नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल किंवा एलव्हीएम (डिस्कची लवचिक विभागणी) असेल तर इनिटरॅमएफएसशिवाय करण्याचा विचारच सोडा.

बसवताना 'मेक इन्स्टॉल'पेक्षा 'मेक बिनडेब-पीकेजी' वापरा. त्यातून डेब पॅकेजे तयार होतात. ती डीपीकेजीने बसवली की इनिटरॅमएफएस आणि ग्रबची नोंद आपोआप होते, एनव्हिडिया किंवा व्हर्च्युअलबॉक्सच्या डीकेएमएस (दर नव्या कर्नलसाठी आपोआप कंपाइल होणाऱ्या) मॉड्यूल्सना लागणारे हेडर मिळतात, आणि नको झाले की एका कमांडने सगळे काढता येते. 'लोकलव्हर्जन' इथे कामाला येते. त्यामुळे तुमच्या कर्नलची मॉड्यूल्स वेगळ्या डिरेक्टरीत जातात. नाव तेच ठेवून दुसऱ्यांदा बसवलेत तर पहिल्याची मॉड्यूल्स पुसली जातात आणि परतीचा रस्ता बंद होतो. दर प्रयोगाला नाव बदला. डेबियनचा मूळ कर्नल आणि 'लिनक्स-इमेज-एएमडी६४' हे पॅकेज कधीही काढू नका.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या प्रणालीवालेही वेगळ्या रस्त्याने इथेच येतात: 'जेनेरिक' या मूळ कॉन्फिग फाइलला हात न लावता स्वतःच्या नावाच्या फाइलमध्ये तिला 'इन्क्लूड' करायचे आणि खाली फक्त आपले फरक लिहायचे. तिथे जुना कर्नल आपोआप 'कर्नल.ओल्ड'मध्ये जातो. मात्र सलग दोन बिघडलेले कर्नल बसवले तर चांगला त्यातूनही जातो, म्हणून चालणारा कर्नल वेगळ्या नावाने ठेवावा लागतो.

मशीनमध्ये सिक्युअर बूट चालू आहे का ते 'मॉकयूटिल --एसबी-स्टेट'ने पाहा. चालू असेल तर सही नसलेला तुमचा कर्नल सुरूच होणार नाही. स्वतःची किल्ली मॉकयूटिलने नोंदवून 'एसबीसाइन'ने कर्नलवर सही करणे हा नीट मार्ग. सिक्युअर बूट बंद करणे सोपे आहे, पण त्याच लॅपटॉपवर बिटलॉकर लावलेले विंडोज असेल तर ते पुढच्या वेळी रिकव्हरी की मागू शकते. ती आधी हाताशी ठेवा.

आता सर्व्हर. तिथे पहिला प्रश्न हा विचारा की कर्नल खरोखर बदलायचा आहे का. बऱ्याच गोष्टी कंपाइल न करता होतात. नेटवर्क आणि मेमरीचे बहुतेक आकडे सिसकंट्रोलमध्ये (चालू कर्नलची मूल्ये बदलण्याची सोय) आहेत, नको असलेले मॉड्यूल मॉडप्रोबच्या ब्लॅकलिस्टने थांबवता येते, आणि प्रीएम्प्शनची (चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याला वेळ देण्याची) पद्धत डेबियन १२ च्या कर्नलमध्ये 'प्रीएम्प्ट=' हा बूट पर्याय देऊन बदलते. स्वतःचा कर्नल घेतला की सुरक्षेच्या दुरुस्त्यांची जबाबदारी एपीटीकडून तुमच्याकडे येते. स्थिर मालिकेच्या नव्या आवृत्त्या साधारण दर आठवड्याला येतात. तेवढ्या वेळा कंपाइल करून, तपासून बसवणारे माणूस तुमच्या ऑफिसात नसेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: सर्व्हरवर डेबियनचाच कर्नल राहू द्या.

तरीही गरज असेलच, तर आधी क्यूईएमयूच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये तोच कर्नल चालवून पाहा. मग ग्रबमध्ये 'ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड' करून 'अपडेट-ग्रब' चालवा, 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ने जुना कर्नल कायमचा ठरवा आणि 'ग्रब-रीबूट'ने नवा कर्नल फक्त पुढच्या एका खेपेसाठी निवडा. बूट ओळीत 'पॅनिक=३०' घाला. नवा कर्नल पॅनिक झाला तर तीस सेकंदांनी मशीन स्वतः रीबूट होऊन जुन्यावर परत येते. एक अट आहे. बूट डिरेक्टरी एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर रेडवर असेल तर ग्रब स्वतःची नोंद पुसू शकत नाही, आणि 'फक्त एक खेप' दर खेपेला चालू राहते. म्हणून ही युक्ती दोन चांगल्या कर्नलांमध्ये आधी करून पाहा. पॅनिक न होता मशीन नुसते गोठले तर 'पॅनिक=' काही करत नाही; हार्डवेअर वॉचडॉग (गोठलेले मशीन स्वतः रीबूट करणारी सोय) नाहीतर दुरून कन्सोल मिळण्याची सोय हवी. दोन्ही नसतील तर सर्व्हरशेजारी माणूस उभा असतानाच रीबूट करा.

नव्या आवृत्तीवर जाताना फ्रॅगमेंट तीच राहते, पाया मात्र नवा घ्या. पर्यायांची नावे बदलतात. ६.९ मध्ये प्रोसेसरच्या सुरक्षेचे अनेक पर्याय 'मिटिगेशन' या उपसर्गाखाली गेले, जसे 'पेज_टेबल_आयसोलेशन'चे 'मिटिगेशन_पेज_टेबल_आयसोलेशन'. जुन्या नावाची ओळ तेव्हा नुसती गळून पडते. फ्रॅगमेंटमध्ये ती असेल तर जोडणारी स्क्रिप्ट इशारा देते, डॉट-कॉन्फिग वर्षानुवर्षे पुढे ओढत नेत असाल तर कोणी काही सांगत नाही.

आत्ता पायाच्या फाइलपासून सुरू करा, वरच्या चार ओळींची फ्रॅगमेंट जोडा आणि ड्रायव्हर न काढता एकदा बूट करून पाहा. तो चालला तर मग कमी करायला घ्या, एका वेळी एक गट. पुन्हा पॅनिक आला तर स्क्रीनचा फोटो, 'अननोन-ब्लॉक'चे दोन आकडे, ग्रबमधली पूर्ण लिनक्स आणि इनिटआरडीची ओळ आणि डिफकॉन्फिगचा निकाल एवढे पाठवा. त्यावरून कारण सांगता येईल.